बढाईचा गुरुवार

"आणि प्रल्हाद, तुम्ही काय केलंत?" हॅलोरनबाईंनी विचारलं, आणि प्रल्हाद वझलवारची बाहत्तर वर्षं जणू खिशातून कुठेतरी पडून गेली. अमेरिकेतल्या श्रूजबरी गावच्या लायब्ररीत तळमजल्यावरच्या खोलीत, गुरुवारी सकाळी सव्वाअकरा वाजता, चौदा पिकल्या केसांची माणसं त्याच्याकडे बघत होती. प्रल्हाद उठला. खुर्चीची पाठ घट्ट धरली. घसा साफ केला. म्हणाला, "नथिंग स्पेशल." आणि बसला. वर्ग खळखळून हसला. त्यांना वाटलं, वझलवार गंमत करतोय. पण हॅलोरनबाई हसल्या नाहीत. पस्तीस वर्षं कॉलेजात जुनं इंग्रजी काव्य शिकवून रिटायर झालेल्या त्या बाईंना गंमत कुठली आणि पळ काढणं कुठलं, हे चांगलं कळत होतं. "माझ्या हॉलमध्ये हे उत्तर चालत नाही," त्या म्हणाल्या. "पुढच्या गुरुवारी शेवटचा वर्ग. घरची माणसं घेऊन या. प्रत्येकानं हातात पेला घेऊन उभं राहायचं. स्वतःचं नाव, बापाचं नाव, केलेला एक पराक्रम आणि पुढे करणार त्याची एक शपथ. विनयाला बंदी." वर्ग सुटला. सगळे आपापल्या गाडीत बसून निघून गेले, आणि प्रल्हाद आपल्या गाडीत नुसताच बसून राहिला. किल्ली फिरवायची राहिली. खरं म्हणजे एवढं काही झालं नव्हतं. म्हाताऱ्यांच्या वर्गातला खेळ होता. पण "तुम्ही काय केलंत" हा प्रश्न दातात अडकलेल्या बडीशेपेसारखा काही केल्या निघेना.

या वर्गात तो आला होता तो स्वतःच्या पायांनी नव्हे, अहिल्येच्या हुकमावरून. रिटायर झाल्यावर पहिल्या सहा महिन्यांत त्यानं तिच्या स्वयंपाकघरातले डबे आकारमानानुसार लावून ठेवले होते, आणि तेव्हापासून हळद सापडायची असेल तर त्याला हाक मारावी लागे. "तुम्ही आठवड्यातून निदान एकदा घराबाहेर पडा," अहिल्या म्हणाली होती, "नाहीतर मी पडते." लायब्ररीत योगासनांचा वर्ग भरलेला होता, बागकामाचा सोमवारी होता, आणि सोमवारी तिची भजनाची मंडळी घरी येत. उरला हा. अँग्लो-सॅक्सन वीरकाव्य. प्रल्हादला वाटलं होतं, राजे, टोप्या, जहाजं, चहा वगैरे असेल. निघालं भलतंच. रोमन फौजा निघून गेल्यावर समुद्रापलीकडून होड्यांत बसून आलेल्या टोळ्या. आपल्याकडच्या पाटलाएवढं राज्य असलेले त्यांचे राजे. लांबच लांब लाकडी हॉल, मधोमध जाळ, बाकांवर ओळीनं बसलेले योद्धे, सोन्याची वळी वाटणारा धनी. आणि कोपऱ्यात छोटं तंतुवाद्य मांडीवर घेऊन बसलेला गवई. ओळीचे दोन तुकडे, मध्ये श्वास, आणि पहिल्या तुकड्यातल्या अक्षराला दुसऱ्या तुकड्यानं ओ द्यायची. हॅलोरनबाई ते म्हणत तेव्हा एकही शब्द कळत नसे आणि तरी प्रल्हादचा पाय टेबलाखाली ठेका धरी. एरवी पंचेचाळीस वर्षांत या देशात त्याच्या पायानं कशालाही ठेका धरला नव्हता.

आणि बापाचं नाव! तिथेच तर त्यानं या लोकांना आपलं मानलं होतं. त्या काव्यात कुणी नुसता येत नसे. अमक्याचा मुलगा अमका, असंच येई. प्रल्हादनं आयुष्यभर प्रत्येक फॉर्मवर प्रल्हाद चंद्रशेखर वझलवार लिहिलं होतं आणि या देशानं अण्णांचं अख्खं नाव काढून तिथे एक 'सी' आणि एक टिंब ठेवलं होतं. बाराशे वर्षांपूर्वीचे हे दाढीवाले लोक निदान तेवढं तरी समजून होते. त्या आठवड्यात तो घरी आला तो उड्या मारतच. समुद्राला ते सरळ समुद्र म्हणत नाहीत, देवमाशाची वाट म्हणतात, शरीराला हाडांचं घर म्हणतात, हे त्यानं अहिल्येला जेवताना सांगितलं. आणि मग घरातल्या एकेका वस्तूचं बारसं सुरू झालं. कुकर म्हणजे शिट्ट्यांचा वाडा. फ्रिज म्हणजे शिळ्याची गुहा. "आणि मी कोण?" अहिल्येनं विचारलं. त्यानं विचार केला आणि म्हणाला, "डब्यांची मालकीण." "होते," ती म्हणाली. "तुम्ही ते लावून ठेवायच्या आधी."

गाडीत बसल्या बसल्या त्याला हे सगळं आठवलं आणि थोडं हसूही आलं. पण हसू विरलं की खाली तोच प्रश्न. त्याच्या खालोखाल आणखी एक आवाज होता, साठ वर्षांपूर्वीचा, वर्ध्याच्या घरातल्या बैठकीतला. प्रल्हाद चौथीत पहिला आला होता. प्रगतिपुस्तक फडकावत घरात शिरला तेव्हा अण्णांचे दोन मित्र चहा पीत बसले होते. "माझा पहिला नंबर आला," प्रल्हाद ओरडला. अण्णांनी बशीतला चहा संपवला, कप खाली ठेवला आणि शांतपणे विचारलं, "कुणी विचारलं होतं का?" बस. रागावले नाहीत, मारलं नाही. उलट पाहुणे गेल्यावर त्यांनी त्याला जवळ घेऊन पेढा दिला, आणि तो पेढा खाताना अण्णांचे डोळे किती भरून आले होते हेही प्रल्हादनं पाहिलं होतं. पण पेढा विरघळला आणि वाक्य तेवढं राहिलं. त्या वाक्यानं त्याला जन्मभर साथ दिली. नोकरीच्या मुलाखतीत साहेब म्हणाला, स्वतःबद्दल सांगा, तर प्रल्हादनं पंपांबद्दल सांगितलं. दरवर्षी स्वतःचं मूल्यमापन लिहायचा कागद येई. त्यात तो लिहायचा, काम समाधानकारक. बढत्या मिळाल्या त्या पुढच्या टेबलावरच्या लोकांना, आणि प्रल्हाद त्यांचं मनापासून अभिनंदन करत आला. कुणी विचारलंच नव्हतं.

आता विचारलं होतं, तर सांगायला काही सापडेना. शुक्रवारी, शनिवारी तो घरभर फिरत राहिला. गॅरेजमध्ये गेला, काहीतरी शोधतोय असं दाखवून परत आला. रविवारी दूरच्या बॉथेल गावाहून मुलीचा, कादंबरीचा, फोन आला. ती तिथे एका औषधांच्या कंपनीत होती आणि आठवड्यातून एकदा आईबाबांशी बोलायची, म्हणजे आई बोलायची आणि ही "ओके आई" म्हणायची. आज फोन प्रल्हादनं घेतला आणि सगळं सांगून टाकलं.

"बाबा, इट्स जस्ट अ सेल्फ-रिव्ह्यू," कादंबरी म्हणाली. "आय डू इट एव्हरी इयर. यू जस्ट ब्रॅग."

"पण कशाबद्दल?"

"एनीथिंग! वॉटर डिपार्टमेंट, बाबा. यू वर देअर थर्टी इयर्स. समथिंग मस्ट हॅव हॅपन्ड."

"पाणी येत होतं," प्रल्हाद म्हणाला. "म्हणजे काही घडलं नाही. पाण्याचं तसंच असतं. घडलं की बातमी येते."

कादंबरी हसली. पण फोन ठेवल्यावर आपलंच बोलणं त्याच्या डोक्यात फिरत राहिलं, कारण ते पूर्ण खरं नव्हतं, आणि ते त्याला आता आठवलं. म्हणजे तो विसरला होता असं नाही. अडगळीत ठेवलेल्या सुटकेसचं जसं होतं तसं झालं होतं. ती आहे हे माहीत असतं, आत काय आहे हेही माहीत असतं, पण हात लावायला कारण पडत नाही.

सतरा वर्षांपूर्वीचा डिसेंबर. तेव्हा ते शेजारच्या गावात राहत, आणि त्याच गावाच्या पाणीपुरवठ्यात तो इंजिनियर होता. पाऊस पडत होता आणि पडल्या जागी गोठत होता. प्रत्येक काडीवर, प्रत्येक तारेवर बोटाएवढी काच चढत गेली आणि मग झाडं मोडायला लागली. आधी कडाड आवाज, मग क्षणभर काही नाही, मग हजारो बांगड्या फुटाव्यात तसा खळखळाट. वीज गेली, फोन गेले, रस्ते आडव्या झाडांनी बंद झाले. टेकडीवरच्या पंपिंग स्टेशनात डिझेलवर चालणारा जनरेटर होता आणि तो चालू राहिला तरच गावच्या टाकीत पाणी चढणार होतं. शेवटचे दोन मैल प्रल्हाद झाडांखालून वाकत, काही ठिकाणी चक्क रांगत गेला. त्या दिवशी ड्यूटीवर असायचा तो माणूस पोचूच शकला नव्हता. जनरेटर दोनदा खोकला आणि बंद पडला. थंडीत खोबरेल तेल गोठतं तसं डिझेल फिल्टरमध्ये थिजलं होतं. प्रल्हादनं गळ्यातला मफलर काढला. अहिल्येनं विणलेला, मरून रंगाचा, एका टोकाला चार टाके सुटलेला. तिथल्या छोट्या शेगडीवर पाणी तापवलं, मफलर त्यात बुडवून फिल्टरभोवती गुंडाळला, गार झाला की पुन्हा बुडवला, पुन्हा गुंडाळला. जनरेटर धडधडला. मग तेच. दर पाऊण तासानं तेच. त्या पाऊण तासाच्या मधल्या वेळात तो काय करायचा? आता आठवून त्याला लाज वाटली, पण तो गायचा. मोठ्यानं. शाळेतल्या कवायतीची गाणी, आरत्या, येतील ती. मशीनच्या धडधडीवर ताल छान बसायचा. म्हणजे ठेका त्याच्या पायानं एकदा धरला होता तर!

पाचव्या दिवशी सकाळी वीज आली, रस्ता मोकळा झाला, आणि तो घरी गेला. रिपोर्टमध्ये लिहिलं: स्टेशन रिमेन्ड इन सर्व्हिस. अहिल्येनं दार उघडलं, तेव्हा तिला म्हणाला, "काही विशेष नाही. रस्ता बंद होता, तिथेच अडकलो." मफलरला कसला वास येतोय, असं तिनं विचारलं तर म्हणाला, "गॅस स्टेशनवर पेट्रोल भरताना जरा सांडलं." ती म्हणाली, "जेवून घ्या." विषय संपला. मफलर तिनं तीनदा धुतला तरी वास गेला नाही, आणि मग तो कुठे गेला ते प्रल्हादला माहीत नव्हतं.

पराक्रम सापडला म्हणून खरं तर आनंद व्हायला हवा होता, आणि झालाही. सोमवारी अंघोळीत त्यानं दोनदा तो मोठ्यानं म्हणून पाहिला. पण मंगळवारी वेगळीच धास्ती बसली. तिथे अहिल्या असणार. सतरा वर्षं जे बायकोला सांगितलं नाही, ते आता हातात पेला घेऊन चौदा अमेरिकनांना सांगायचं, आणि ती तिसऱ्या रांगेत बसून पहिल्यांदा ऐकणार. मग तिचा चेहरा कसा होईल? "मला का नाही सांगितलं?" असं ती विचारील. आणि त्याच्याकडे उत्तर एकच होतं, कुणी विचारलं होतं का, आणि ते उत्तर अण्णांनी मुलाला द्यावं इथवर ठीक होतं, पण नवऱ्यानं बायकोला देणं फार वाईट होतं. त्याला हॅलोरनबाईंची तिसऱ्या वर्गातली गोष्ट आठवली. त्या काव्यांत मध्येच एखाद्या वीराचं नुसतं नाव येतं. कोण, काय केलं, एक अक्षर नाही. कारण हॉलमधल्या सगळ्यांना ती गोष्ट ठाऊक होती. गवई नाव घ्यायचा, लोक माना डोलवायचे, आणि गाणं पुढे जायचं. मग ते लोक मेले. शेकडो वर्षांनी भिक्षूंनी वासराच्या कातड्यावर थोडंफार लिहून ठेवलं, त्यातलंही बरंच जळलं, किड्यांनी खाल्लं. नावं राहिली, गोष्टी गेल्या. "दे डाइड ऑफ बीइंग वेल नोन," बाई म्हणाल्या होत्या, आणि वर्ग हसला होता. प्रल्हाद तेव्हा हसला होता. आता त्याला वाटलं, आपल्या घराचंही तेच झालंय. सगळं ठाऊक आहे असं धरून आपण नुसती नावं घेतो आणि पुढे जातो. अहिल्येनं ते चार दिवस कसे काढले होते? हीटर बंद, पोर घरात, नवरा बेपत्ता. त्यानंही कधी विचारलं नव्हतं. हे ध्यानात आलं तेव्हा तो भांडी पुसत होता, आणि एक वाटी त्यानं इतका वेळ पुसली की अहिल्या म्हणाली, "नक्षी जाईल तिची."

"गुरुवारी नाही आलीस तरी चालेल हं," तो म्हणाला. "तुला बोअर होईल."

"मी साडी काढून ठेवलीय," ती म्हणाली.

गुरुवारी लायब्ररीतल्या खोलीचा हॉल झाला होता. टेबलं लांब ओळीत लावलेली, मधोमध जाळाऐवजी बॅटरीवरच्या मेणबत्त्या, आणि प्रत्येकासमोर कागदी पेल्यात सफरचंदाचा रस. अहिल्या मोरपंखी साडीत तिसऱ्या रांगेत बसली आणि शेजारणीला पदर कसा बसतो ते दाखवू लागली. तिनं डब्यातून चकल्या आणल्या होत्या आणि त्या आत्ताच संपल्या होत्या. हॅलोरनबाईंनी मांडीवर वाद्य घेतलं, तार छेडली आणि नियम सांगितले. त्यांच्याकडे बढाई आणि शपथ यांना एकच शब्द होता, कारण केलेलं सांगितलं की पुढचं करणं भाग पडतं. आणखी एक. हॉलमध्ये कुणीही उठून बढाईला आव्हान देऊ शकतो. "खोटं असेल तर सोडू नका," बाई म्हणाल्या. पहिला उठला तो रे नावाचा रिटायर झालेला फायरमन. त्यानं धुरातून एक आजी आणि तिचा पोपट बाहेर काढला होता. त्याची बायको उठून म्हणाली, पोपट आपणहून उडाला होता. हॉल डोक्यावर घेतला लोकांनी. रे पेला उंचावून ओरडला, पण मी खिडकी उघडली होती! प्रल्हाद इतका हसला की आपली पाळी आली हे त्याला कळलंच नाही.

"वझलवार," हॅलोरनबाई म्हणाल्या, आणि तार वाजली.

तो उभा राहिला. पेल्यातला रस हातावर सांडला. "मी प्रल्हाद," तो इंग्रजीत म्हणाला, "चंद्रशेखरचा मुलगा." अण्णांचं अख्खं नाव या देशाच्या हवेत पहिल्यांदाच उमटलं, टिंबाशिवाय, आणि त्याला एकदम बरं वाटलं. अण्णा, आज विचारलंय, त्यानं मनात सांगितलं. मग तो बोलला. बर्फाची काच, मोडणारी झाडं, रांगत गेलेली वाट, थिजलेलं डिझेल, मफलर. मफलर म्हणताना त्यानं तिसऱ्या रांगेकडे बघायचं टाळलं. गाण्याचंही सांगितलं, तेव्हा रेनं टेबलावर थाप मारली. "अशा रीतीनं," प्रल्हाद म्हणाला, आणि इथे साठ वर्षांची सवय हळूच पुढे आली, "मी, म्हणजे, दोन दिवस पंप चालू ठेवला. गावाचं पाणी तुटलं नाही. आणि मी शपथ घेतो की येत्या वर्षी मी गॅरेज आवरीन."

टाळ्या पडायला लागल्या, आणि तेवढ्यात अहिल्या उठली. पदर खोचलेला होता.

"चॅलेंज," ती म्हणाली.

टाळ्या थांबल्या. आलं, प्रल्हादला वाटलं. आता विचारील.

"गॅरेजचं सोडून द्या, ते व्हायचं नाही," अहिल्या इंग्रजीत म्हणाली. लोक हसले, पण ती हसली नाही. "पण हा माणूस खोटं बोलतोय. नॉट टू डेज. फोर."

"पुरावा?" हॅलोरनबाई आनंदानं पुढे झुकल्या. "फोन तर बंद होते. आव्हान देणाऱ्याला कसं माहीत?"

अहिल्येचं इंग्रजी चांगलं होतं; बँकेत, दवाखान्यात, शाळेत ती कुणाला हार जायची नाही. पण आता ती बाईंकडे बघतच नव्हती. तिनं पर्स उघडली आणि आतून घडी केलेलं मरून काहीतरी काढलं, एका टोकाला चार टाके सुटलेलं, आणि ते हातात धरून मराठीत बोलायला लागली, सरळ प्रल्हादशी, जणू खोलीत दुसरं कुणी नव्हतंच.

"गॅस स्टेशनवर सांडलं म्हणे. गॅस स्टेशनवर जाऊन आलेल्या माणसाची नखं तशी काळी असतात? आणि गॅस स्टेशन तरी उघडं होतं का एक? अहो, रोज सकाळी उठले की मी पहिला नळ सोडून बघायची. कादंबरीला म्हणायची, थांब, आधी बघू दे. पहिल्या दिवशी आलं. दुसऱ्या दिवशी आलं. तिसऱ्या दिवशी धार बारीक झाली आणि मी तिथेच सिंकपाशी उभी राहिले, हलले नाही, आणि मग पुन्हा जोरात आलं. चौथ्या दिवशी आलं. नळाला पाणी आहे म्हणजे तुम्ही आहात, एवढंच मला कळत होतं. तुम्ही सांगाल म्हणून वाट पाहिली. मग म्हटलं, माणूसच तसा आहे. तेव्हा मीही नाही विचारलं. माझंही चुकलंच. पण दोन दिवस नका म्हणू. माझे चार होते ते."

ती बसली. हॉलमध्ये कुणाला एक अक्षर कळलं नव्हतं. रेनं आपल्या बायकोकडे बघितलं, बायकोनं छताकडे. हॅलोरनबाईंच्या हाताखालची तार अजून बारीक वाजत होती. त्यांनी ती तळव्यानं थांबवली आणि प्रल्हादला म्हणाल्या, "भाषांतर करा."

प्रल्हादनं पेला खाली ठेवला. डोळे पुसले, सगळ्यांसमोर, बिनदिक्कत. मग तो ताठ उभा राहिला आणि त्यानं ते सगळं इंग्रजीत सांगितलं, नळ, सिंक, बारीक झालेली धार, एकही दिवस न गाळता. आणि शेवटी म्हणाला, "ती अहिल्या. नरहर ठोंबऱ्यांची मुलगी. तिनंही चार दिवस काढले आहेत, ते कसे काढले हे मी तिला अजून विचारलेलं नाही. गॅरेजची शपथ मी मागे घेतो. आज घरी गेल्यावर विचारीन, ही माझी शपथ."

"गाडीतच विचारा," अहिल्या तिसऱ्या रांगेतून म्हणाली.